पामची खरड छाटणी

ओट्यावर ऊन आलं. उज्वला मेथी निवडत होती, आणि तिच्या बोटांवर, परातीच्या काठावर, शेगडीच्या स्टीलवर एकाएकी लख्ख ऊन पसरलं. आधी तिला बरंच वाटलं. मेथीचा देठ न् देठ स्वच्छ दिसू लागला, पानाच्या मागची बारीक लव दिसली, आणि तिने सवयीने हात लांबवून ट्यूबलाइट बंदही केली. मग अंगणात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. जड, पण मऊ. गच्चीवरून कुणी ओली गादी खाली टाकावी तसा. हातातली जुडी तशीच राहिली. या ओट्यावर ऊन येत नाही, हे तिला तेव्हा आठवलं. कित्येक वर्षांत आलेलं नाही. एप्रिलमध्ये तर नाहीच. खिडकीबाहेरचा पाम या दिवसांत सगळ्यात भरलेला असतो, आणि स्वयंपाकघरात दिवसभर विहिरीतल्यासारखा हिरवा उजेड असतो. मघापासून करवतीचा आवाज येत होता, तोही तिला आत्ताच ऐकू आला. इतका वेळ तो शेजारच्या सुताराचा वाटत होता.

ती बाहेर आली तेव्हा फरशीवर पामचं सगळं डोकं पडलेलं होतं. झुपकेदार शेपट्यांसारखी पानं एकमेकींवर आडवीतिडवी, हिरवीगार, आपण पडलो आहोत हे अजून न कळलेली. वर फक्त खोड उरलं होतं, राखाडी, वळ्यावळ्यांचं, आणि त्याच्या डोक्यावर नको तेवढं आभाळ. सोमनाथ लाकडी घोडीवर उभा राहून खोडाच्या कापलेल्या माथ्याला ब्रशने निळी पेस्ट लावत होता. डोक्याला पंचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चेहरा घामाने चमकत होता आणि त्यावर असं समाधान होतं, की गेल्या वर्षभरात तिने ते पाहिलं नव्हतं.

"पानांवर पाय देऊ नको गं, घसरशील," तो वरून म्हणाला. "झाली बघ खरड छाटणी. अण्णा आले की दाखव त्यांना."

अण्णा, म्हणजे तिचे सासरे, जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण त्या क्षणी तिच्या मनात अण्णा आले नाहीत. तिच्या मनात आलं, काप किती सुरेख आहे. आडवा, किंचित उतार दिलेला, म्हणजे पाणी साचू नये. कुठे साल फाटलेली नाही, कुठे चिरफळी नाही. खाली बादलीत मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट होती, साईसारखी, ना पातळ ना घट्ट. बादलीच्या काठावर विळा आडवा ठेवलेला. तिने तो उचलून पाहिला. पात्यावर तांबूस छटा नव्हती. म्हणजे त्याने पेस्ट बरोबर तपासलीही होती. लग्नानंतरच्या पहिल्या एप्रिलमध्ये दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्यात त्याने तिला हे दाखवलं होतं. विळा बुडवायचा, पात्यावर तांबडं चढलं की चुना कमी पडला, अजून घालायचा. ती हसून म्हणाली होती, अहो, तांबं लोखंडाची जागा घेतं, म्हणून. तो म्हणाला होता, तुझं ते 'म्हणून' तुझ्याकडे ठेव, माझा विळा माझ्याकडे. दोघांचंही बरोबर होतं, आणि तेवढ्यावरच त्यांचा संसार सुरू झाला होता. आता विळा तिच्या हातात स्वच्छ चमकत होता. सगळं बरोबर केलं होतं त्याने. महिना बरोबर, हत्यार बरोबर, काप बरोबर, पेस्ट बरोबर. फक्त हे झाड वेल नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा शांत आला. "हा पाम आहे."

"मग?"

"पाम."

"अगं, जुनं लाकूड ठेवलं की झाड आळशी होतं. खरडून टाकलं की कसं जोमात फुटतं बघ." तो घोडीवरून बेतानेच उतरला, ब्रश पाण्यात बुडवून ठेवला, आणि मान मागे टाकून आपल्या कामाकडे बघत राहिला. "डोळे सुजायला लागले की सांग मला. जादा कोंबांची विरळणी करावी लागेल."

द्राक्षाच्या माणसांचा हाच धर्म. एप्रिल आला की बाग खरडून टाकायची, हिरवं काही म्हणून ठेवायचं नाही. पाहणाऱ्याला वाटावं बाग मेली, आणि मग काडीकाडीवरचे डोळे फुगतात, फुटतात, आणि उघडा मांडव पुन्हा झाकला जातो. सोमनाथने नोकरी सातपूरच्या कारखान्यात केली, सगळी हयात पॅनेल आणि मोटारींमध्ये गेली, पण एप्रिलची रजा त्याने कधी सोडली नाही. गावात त्याच्या हाताचं नाव होतं. कात्रीचा आवाज ऐकून ओळखायचे, सोमनाथ आलाय म्हणून. कापलं की फुटतं, यावर त्याचा विश्वास होता असंही म्हणता येत नव्हतं. ते त्याच्या मनगटात होतं. माणूस श्वासावर विश्वास ठेवत नाही, घेतो.

आणि तरी त्याला ठाऊक होतं. हेच तिला सोसवत नव्हतं. त्याला ठाऊक होतं, कारण तिनेच सांगितलं होतं, याच अंगणात. लेक, पूजा, पुण्याला शिकायला गेली त्या वर्षी घर एकदम मोठं वाटायला लागलं, आणि त्याने कुठूनशा बागेतून फॉक्सटेल पामच्या लालभडक बिया आणल्या. महिनोन् महिने काही उगवलं नाही. तो कुंडी फेकायला निघाला होता, तिने फेकू दिली नाही. अशी बी दमाने उठते, ती म्हणाली होती. मग एक हिरवी सुई वर आली. पहिल्या थंडीत त्यांनी रोज संध्याकाळी कुंडीवर बारदान घातलं, दुसऱ्या वर्षी जमिनीत लावलं, आणि काळ्या मातीतल्या चुन्यामुळे पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. तिने लोह कमी पडतंय म्हणून सांगितलं, त्याने द्राक्षाच्या औषधांच्या दुकानातून आणलं. नवीन पान नेहमी मधोमध भाल्यासारखं मिटून वर यायचं, आणि एखाद्या सकाळी उघडायचं. एकदा त्याने विचारलं होतं, फांद्या कधी फुटणार याला? आणि ती, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी, वनस्पतिशास्त्र शिकलेली, हात पुसत बाहेर येऊन म्हणाली होती, कधीच नाही. याला एकच डोळा, अगदी मध्यात, आत. तो गेला की झाड गेलं. पानं मग कितीही दिवस हिरवी राहोत. त्याने पामच्या शेंड्याकडे पाहिलं होतं. मग म्हणाला होता, एवढं उंच व्हायचं आणि सगळा जीव एकाच डोळ्यात ठेवायचा. फारच भाबडं झाड आणलं आपण. त्यानंतर त्याने पामला कधी कात्री लावली नाही. वाळलेलं पान आपोआप गळेपर्यंत वाट पाहायचा.

गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांनी सोमनाथच्या मेंदूची फिल्म दिव्यासमोर धरून बोटाने दाखवलं होतं, इथे थोडं आकसलंय, इथेही. तिने ते चित्र नीट पाहिलं होतं. सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं वाचण्यात तिची हयात गेली होती. सोमनाथ बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याआधी आत डॉक्टरांनी त्याला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, सफरचंद, टेबल, नाणं, आणि थोड्या वेळाने विचारले तर तो हसून म्हणाला होता, डॉक्टर, सफरचंद तुमच्या काश्मिरात. द्राक्ष सांगितलं असतं तर ध्यानात राहिलं असतं. डॉक्टरही हसले होते. तिने मात्र पाहिलं होतं की हसताना त्याने मांडीवरचा रुमाल मुठीत घट्ट धरला होता. हळूहळू होईल, डॉक्टर म्हणाले होते, घरच्यांना सांगून ठेवा. तिने कुणालाही सांगितलं नाही. पूजालाही नाही. रविवारी पूजाचा फोन आला की ती त्याच्या शेजारी उभी राहायची आणि नाटकातल्या पडद्याआडच्या माणसासारखी हळूच पुढचा शब्द पुरवायची. नोकरीचं विचारा. पावसाचं विचारा. तो विचारायचा. पूजा म्हणायची, बाबा किती शांत झालेत गं. आणि उज्वला म्हणायची, वय झालं. सांगितलं तर ते खरं होईल असं तिला वाटे, आणि असं वाटणं तिच्या शिक्षणाला शोभत नाही हेही तिला कळे. आयुष्यभर तिने बाटलीतल्या पाण्याला जे आहे ते आहे म्हटलं होतं. कुणी रागावलं, कुणी विनवण्या केल्या, तरी अहवालातला आकडा बदलला नव्हता.

म्हणून तिने त्याही दिवशी नीट विचार केला. सोमनाथ अंघोळ करून, जेवून, श्रमलेल्या माणसाच्या गाढ झोपेत गेला, आणि ती पडलेल्या डोक्यापाशी उकिडवी बसली. काप नेमका तिथे बसला होता जिथे राखाडी खोड संपतं आणि हिरवी, गुळगुळीत मान सुरू होते. पामचा डोळा त्याच सुमाराला असतो. किंचित वर, नाहीतर किंचित खाली. खाली असेल तर तो खोडातच राहिला आहे, आणि मग मधली मिटलेली पानं कापल्या जागेतून हळूहळू वर सरकतील, ठोकळ्यासारखी, पण जिवंत. वर असेल तर तो इथे आहे, फरशीवर, या हिरव्या मानेत. मान उभी चिरली की लगेच कळेल. स्वयंपाकघरातली मोठी सुरी पुरे. ती आत गेली, सुरी घेऊन आली, आणि सुरी हातात धरून बसून राहिली. मग तिने ते डोकं ओढत घराच्या मागे नेलं, धुण्याच्या दगडाजवळ, आणि त्यावर जुनं बारदान टाकलं. नमुना न उघडता ठेवून देण्याची तिच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

त्यानंतर सकाळ झाली की तो अंगणात जाई आणि मान वर करून उभा राही. तीही जाई. "फुटली?" ती विचारी. "अजून नाही. ऊन लागू दे," तो म्हणे. बुंध्याला पाणी घालताना तो पाण्याची धार हाताने अडवी, माती वाहून जाऊ नये म्हणून. त्याचे हात अजून शहाणे होते. दुपारी तो झोपला की ती घोडी लावून वर चढे आणि निळ्या माथ्याच्या मधोमध बोट ठेवी. मधलं पान वर सरकलं असेल तर बोटाला कळेल, नखाएवढं का असेना. तिने तिथे खुणेला टाचणी टोचून ठेवली होती. ऊन पाठीवर भाजत असे, खालून रिक्षा जात, आणि इंदिरानगरच्या त्या कॉलनीत एक प्रौढ बाई घोडीवर चढून मेलेल्या झाडाची नाडी बघते आहे हे तिला बाहेरून, लांबून दिसे. एकदा बोटाला उंचवटा लागला. खरंच लागला. ती घोडीला धरून राहिली, डोळे मिटून. मग नखाने खरवडलं तर पेस्टचा पापुद्रा उन्हाने फुगला होता. खाली मोकळंच होतं.

शेजारचे झुंबरनाना भिंतीवरून बघत होते. "वहिनी, आता त्याच्यावर एक बल्ब लावा," ते म्हणाले. "महापालिकेला हात जोडूनही खांब मिळत नाही, तुम्हाला घरबसल्या मिळाला." ती हसली. नानांना तिला दुखवायचं नव्हतं. त्यांनीच गेल्या दिवाळीत त्या झाडाला दिव्यांची माळ लावून दिली होती. "सोमनाथरावांनी का हो कापला? घरावर पडेल म्हणून?" तिने मान हलवली. हो. घरावर पडेल म्हणून. खोटं किती सोपं असतं. समोरचाच ते अर्धं करून देतो.

तिला आता एकच गोष्ट हवी होती, आणि ती झाडाची नव्हती. एकदा, अगदी एकदाच, त्याने तिच्याकडे बघून म्हणावं की चुकलं माझं, हा पाम होता, याला एकच डोळा असतो. बस. मग त्याने किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या तरी चालतील, अण्णांना हाका मारल्या तरी चालतील. तेवढं म्हणाला तर तो आत कुठेतरी आहे, खाली राहिला आहे, कापाच्या खाली. ती त्याला आडून आडून तिथवर नेऊ पाही. "त्या बिया किती दिवस उगवल्या नव्हत्या, आठवतं?" तो म्हणे, "हं." "मी काय म्हणाले होते तेव्हा?" तो तिच्याकडे बघे, आणि त्याच्या नजरेत ती कामगाराची भीती येई, साहेबाने अचानक काहीतरी विचारल्यावरची. लगेच ती म्हणे, "जाऊ द्या. चहा टाकू?" आणि तो सुटल्यासारखा म्हणे, "टाक."

मग हिरामण आला. सोमनाथचा धाकटा भाऊ. मळा आता तोच बघत होता. दुचाकीला पुढे करंडी अडकवलेली, त्यात हंगामातली शेवटची द्राक्षं, पिवळी पडलेली, साखरेसारखी. फाटकातून आत येता येताच तो थबकला.

"आयला! दादा, हे काय करून ठिवलं?"

"छाटणी," सोमनाथ म्हणाला.

"पामाची?" हिरामण पोट धरून हसला. "लय भारी! आता येत्या एप्रिलला लाइटीचे खांब बी छाटून टाक, तेवढीच तारांची विरळणी होईल."

सोमनाथही हसला. "हस तू. तुझ्या बागेत काड्या कशा झाल्यात ते सांग आधी. मागच्या साली तू उशीर केलास, म्हणून घड बारीक आले."

"ते खरंय," हिरामण म्हणाला आणि पायरीवर बसला, आणि दोघे भाऊ बोलत राहिले. उज्वला दारात चहाचे कप घेऊन ऐकत होती. सोमनाथ अडखळत नव्हता. कोणत्या काडीवर किती डोळे ठेवायचे, पहिलं पाणी कधी, भुरीचा रोग आला तर काय. शब्द त्याला शोधावे लागत नव्हते, तेच त्याच्याकडे चालत येत होते. तिने पुरवावा असा एकही शब्द नव्हता. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला झाला तो मत्सर, साधा, कडू, एखाद्या सवतीचा व्हावा तसा. मळ्यातल्या मांडवाचा, कात्र्यांचा, पहिल्या एप्रिलनंतरच्या त्या सगळ्या रजांचा, ज्यात ती नव्हती आणि ज्या त्याच्याकडे शिल्लक राहिल्या होत्या.

जाताना हिरामणने दुचाकी फाटकाबाहेर काढली आणि चालू केलीच नाही. "वहिनी, दादा ठीक हाय ना?"

"हो. का?"

"मला म्हनला, अण्णा ट्रॅक्टर घिऊन गेले का. मी म्हनलं, गेले." तो आरशावरची धूळ बोटाने पुसत राहिला. "दुसरं काय म्हननार? अन् पाम... मी हसलो खरा, पन तो गंमत नव्हता करत. माझ्या ध्यानात आलं ते."

"उन्हाने होतं," ती म्हणाली. ती, जी पुराव्याशिवाय एक वाक्य बोलत नसे.

"मी घिऊन जातो त्याला. बागेत बाया हायेत, गडी हायेत, सैपाकाची भागीबाई दोन येळा गरम करून घालंल. चार दिवस कात्री चालवू दे. बरं वाटंल त्याला. इथं कोंडून काय करतो तो?"

"नको."

"का नको? तुम्ही बी चला."

"औषधं चालू आहेत," ती म्हणाली आणि लगेच कळलं, आपण काय कबूल केलं. हिरामणने वर पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "मी भाऊ हाय त्याचा, वहिनी. परका नाय." आणि निघून गेला.

त्याचं बरोबर होतं. मळ्यात सोमनाथचा प्रत्येक काप बरोबर पडला असता. तिथे त्याची चूक व्हायला जागाच नव्हती. या घरातच तो चुकत होता, कारण इथे पाम होता, फ्रिज होता, पूजाचा फोन होता, आणि मुख्य म्हणजे ती होती, रोज सकाळी त्याच्या तोंडाकडे बघत उभी. हे सगळं तिने फाटकाला टेकून स्वच्छ पाहिलं, आणि तरी तिला माहीत होतं की ती त्याला पाठवणार नाही. तिथे तो सुखी होईल आणि तिला विसरेल. इथे तो दुःखी होईल आणि कदाचित, कदाचित थोडा उशिराने विसरेल.

तिने हिरामणच्या चहाचा कप विसळला, सोमनाथचा जुना शर्ट कपड्यांवरून चढवला, उन्हासाठी डोक्याला रुमाल बांधला, आणि घराच्या मागे गेली. बारदान उचललं. पानं अजून हिरवी होती. टोकं थोडी करपली होती, एवढंच. तिने मान दगडावर घेतली आणि सुरीने उभी चिरली. आतून थंड, गोडसर वास आला, ओल्या नारळाच्या जवळचा. हिरवं संपून पांढरं सुरू झालं. एकाच्या पोटात एक, मिटलेली पानं, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, घड्या घातलेल्या पंख्यांसारखी. जी पुढच्या वर्षी उघडणार होती ती, त्याच्या पुढच्या वर्षीची, आणि मग पानं म्हणता येणार नाहीत अशा नुसत्या पांढऱ्या खुणा. ती थर सोलत खाली गेली. हात स्थिर होते, कामावर असायचे तसे. अगदी तळाशी, कापापासून बोटभर वर, तो होता. तांदळाच्या कणीएवढा उंचवटा, ओलसर, पारदर्शक. कुठेही इजा नाही. सोमनाथने नेमका त्याच्या खालून काप घेतला होता, जराही न दुखावता. तिने सुरी खाली ठेवली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं नाही. मोजून पाहिल्यावर शून्य आलं होतं, एवढंच. मग तिने सगळे तुकडे गोळा केले, हात धुतले, आणि पुढे आली.

सोमनाथ पायरीवर बसला होता. संध्याकाळचं तिरपं ऊन खोडाच्या निळ्या टोपीवर होतं आणि तो तिकडे बघत होता. तिची चाहूल लागली तशी तो किंचित सरकला, जागा करून दिली.

"बाई, झालं का मागचं काम?" त्याने विचारलं.

तिला वाटलं, थट्टा करतोय. त्याने तिला कधी बाई म्हटलं नव्हतं. ती त्या जागेत बसली.

"तुम्ही झाडांच्या कामातल्या दिसता," तो म्हणाला. आवाज मऊ, अदबशीर. परक्या माणसांशी तो नेहमी असंच बोलायचा. "एक सांगू का तुम्हाला? कुठे बोलू नका. हे झाड गेलंय. पामला एकच डोळा असतो. मी तो कापला. कापताना माझ्या ध्यानातच आलं नाही. रात्रीतून कधीतरी आलं."

तिने पायरीची कड धरली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पण आता सांगायचं कसं? आमची मंडळी रोज सकाळी येऊन बघते. शिकलेली आहे हो ती. तिनेच मला सांगितलेलं, एकच डोळा म्हणून. तिला का ठाऊक नसेल? तरी बघते, मला विचारते, फुटली का. माझ्यासाठी विचारते. म्हणून मीही म्हणतो, फुटेल. माझं डोकं चालत नाही हे तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही. मला कळतं ते. तिला सांगू नका हं, की मला कळतं. फार त्रास होईल तिला."

उज्वलाने डोक्याचा रुमाल सोडला. रुमालामुळे असेल. शर्टामुळे असेल. तिने शर्टही काढून बाजूला ठेवला, केस मागे सारले, आणि चेहरा उन्हाकडे, त्याच्याकडे केला. त्याने क्षणभर पाहिलं. मग हळूच नजर वळवली. परक्या बाईने समोर केस सारखे केले की भल्या माणसाने वळवावी तशी.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

"उपकार झाले."

"चहा घेणार तुम्ही?"

"नको," तो म्हणाला. "ती आली की घेतो."

ती उठली. अंगण ओलांडलं, फाटक उघडलं, बाहेर पडली आणि मागे ओढून घेतलं. रस्त्यावर कुणी सायकल शिकत होतं, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. ती भिंतीच्या कडेने चार घरं पुढे गेली, वळली, आणि नेहमी भाजी घेऊन यायची त्या चालीने परत आली. जरा घाईने, जरा दमल्यासारखी. हातात काहीच नव्हतं. तिने कडी मुद्दाम वाजवली आणि आत पाऊल टाकलं.

सोमनाथने मान वर केली. तो उठून उभा राहिला, अंगावरचा सदरा सारखा केला.

"या," तो म्हणाला. "आमची मंडळी आत्ताच बाहेर गेली. येईल इतक्यात."

उज्वला अंगणाच्या मधोमध थांबली. मग पुढे आली, पायरीवर त्याने आधीच करून ठेवलेल्या जागेत बसली, आणि म्हणाली, "मग थांबते मी."

"थांबा की," तो म्हणाला, आणि दोघे फाटकाकडे बघत बसले.